रोजचा जाब कोण मागणार?

कर्जत तालुक्यातल्या एका गावी वर्षावासाच्या समारोपाला गेलो होतो. ग्रंथवाचन झाले, खीरदान झाले आणि मग नेहमीप्रमाणे गप्पा निवडणुकीवर आल्या. एक तरुण कार्यकर्ता शेजारच्या जिल्ह्यातल्या एका लोकप्रतिनिधीचा कार्यअहवाल घेऊन आला होता. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत फोटो. मी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला. विहारासमोर पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीला शेड, पथदिवे, सभामंडप, क्रिकेटचे सामने, आरोग्य शिबिर, वह्यावाटप. ‘मी सभागृहात काय विचारले’ असे एकही पान त्यात नव्हते. मी त्या तरुणाला म्हटले, "या साहेबांनी पाच वर्षांत विधानसभेत किती प्रश्न विचारले?" तो म्हणाला, "वकीलसाहेब, प्रश्न विचारून काय होतं? कामं झाली ना!" विहारात बसलेल्या जाणत्या माणसांनीही माना डोलावल्या.

त्या तरुणाचे नाव मी सांगणार नाही आणि त्या लोकप्रतिनिधीचेही नाही. कारण पुस्तिका कोणाचीही हातात घ्या, मजकूर हाच असतो. पण "प्रश्न विचारून काय होतं?" हा सवाल मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. हा सवाल एखाद्या प्रस्थापित पुढाऱ्याने केला असता तर आपण त्याला मनुवादी म्हणून मोकळे झालो असतो. तो बाबासाहेबांच्या लेकराने बुद्धविहारात बसून केला, म्हणून त्याचे उत्तर देणे आपल्याला भाग आहे.

घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी दोन राज्यपद्धतींची तुलना केली होती. एक अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत, दुसरी इंग्लंडची संसदीय पद्धत. अमेरिकेच्या पद्धतीत सरकार स्थिर असते, पण त्याला रोज उत्तर द्यावे लागत नाही. इंग्लंडच्या पद्धतीत सरकार कधीही पडू शकते, पण त्याला रोज उत्तर द्यावे लागते. बाबासाहेबांनी सांगितले की संसदीय पद्धतीत सरकारची झडती दोनदा होते. मतदार निवडणुकीच्या वेळी झडती घेतात आणि सभागृहाचे सदस्य रोज घेतात. प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वास ठराव ही त्या रोजच्या झडतीची हत्यारे. मसुदा समितीने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला जास्त किंमत दिली आणि म्हणून ही पद्धत निवडली.

याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. पाच वर्षांतून एकदा बटण दाबणे ही या पद्धतीची फक्त अर्धी बाजू आहे. उरलेली अर्धी बाजू म्हणजे रोजचा जाब, आणि तो मागायला आपण ज्याला पाठवतो तो आमदार आणि खासदार. त्याने जाब मागितला नाही तर संसदीय लोकशाही अर्धांगवायू झालेल्या माणसासारखी एका अंगाने चालते. "प्रश्न विचारून काय होतं?" असे म्हणणारा मतदार बाबासाहेबांनी विचारपूर्वक निवडलेली ही पद्धतच नाकारत असतो. त्याला त्याची कल्पना नसते, एवढेच.

ज्या इंग्लंडकडून ही पद्धत आपण घेतली तिथला खासदार काय करतो? हाऊस ऑफ कॉमन्समध्ये ६५० सदस्य आहेत. प्रत्येक जण एका मतदारसंघातून निवडून येतो आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, हा नियम तिथलाच आपण उचलला. सभागृह चालू असताना दर बुधवारी दुपारी १२ वाजता पंतप्रधानाला अर्धा तास उभे राहून प्रश्नांना तोंड द्यावे लागते. बाकीच्या खात्यांचे मंत्री पाळीपाळीने प्रश्नोत्तराला येतात. १९७९ पासून प्रत्येक खात्यावर नजर ठेवणारी सदस्यांची वेगळी समिती आहे आणि २०१० पासून त्यातल्या बहुतेक समित्यांचे अध्यक्ष सदस्य गुप्त मतदानाने निवडतात. ही समिती मंत्र्याला, सचिवाला, कंपनीच्या मालकाला समोर बसवून उलटतपासणी घेते आणि ती बहुतेक वेळा लोकांसमोर होते. आपल्याकडे लोकलेखा समिती आहे, अनुसूचित जाती कल्याण समिती आहे. पण त्यांच्या बैठका बंद दाराआड. तिथे काय विचारले गेले हे ज्याच्यासाठी समिती आहे त्याला कळत नाही.

आठवड्याच्या शेवटी तिथला खासदार मतदारसंघात जातो आणि लोकांच्या तक्रारी ऐकायला बसतो. या बैठकीला तिकडे ‘सर्जरी’ म्हणतात, डॉक्टरच्या दवाखान्याला म्हणतात तसे. कोणाची पेन्शन अडलेली, कोणाचा व्हिसा, कोणाच्या घराला ओल. खासदार मंत्र्याला किंवा खात्याला पत्र लिहितो आणि त्याचे उत्तर येण्याची वाट पाहतो. उत्तर आले नाही तर तीच तक्रार प्रश्न होऊन सभागृहात जाते. त्याच्या हातात वाटायला निधी नसतो. आपल्याकडे १९९३ साली खासदार निधी सुरू झाला, आज तो वर्षाला ५ कोटी रुपयांचा आहे. आमदारांनाही स्थानिक विकास निधी आहे. ज्याने सरकारच्या खर्चावर लक्ष ठेवायचे त्याच्याच हातात आपण खर्चाची थैली दिली. राखणदाराला भागीदार केल्यावर राखण कोण करणार?

गटार नको, नळ नको, रस्ता नको असे मी म्हणत नाही. वाडीवरच्या बाईला हंडा घेऊन डोंगर उतरावा लागतो, तिला नळ पाहिजेच. परंतु ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ही कामे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि नगरपरिषद यांच्याकडे सोपवली. आज आमदार सरपंचाचे काम करतो आणि आमदाराचे काम कोणीच करत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

ब्रिटिश पार्लमेंटची आरती ओवाळायचा माझा हेतू नाही. १८३२ च्या सुधारणा कायद्यापूर्वी ओल्ड सारम नावाच्या ओसाड टेकडीला दोन खासदार होते आणि मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराला स्वतःचा एकही नव्हता. गुप्त मतदान १८७२ साली आले. खासदारांना पगार १९११ साली सुरू झाला. तोपर्यंत ज्याच्या घरी पैसा त्यानेच पार्लमेंटमध्ये बसावे अशी व्यवस्था होती. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार १९२८ साली मिळाला. नुसत्या जन्माच्या हक्काने लॉर्ड्सच्या सभागृहात बसणाऱ्या सरदारांपैकी ९२ वगळता बाकीच्यांची आसने १९९९ साली गेली. जन्माने मोठेपण मिळण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले. तिथल्या सामान्य माणसाला हे हक्क कोणी आंदण दिलेले नाहीत. रस्त्यावर माणसे उतरली, सभागृहात सदस्य उभे राहिले, तेव्हा एकेक कुलूप उघडले.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास नेमका हेच सांगतो. आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही पुढे आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्याचे पाणी काही आपल्या माणसाच्या ओंजळीत आले नाही. १९२६ साली बोले पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्ड हा ठराव पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करा. ठरावाच्या मागे पैशाची गाठ मारावी लागते, हे त्या सदस्याला कळले होते.

बाबासाहेब सरकारनियुक्त सदस्य म्हणून १९२७ च्या फेब्रुवारीत कायदेमंडळात दाखल झाले. २४ फेब्रुवारीला ते अंदाजपत्रकावर बोलले. अमुक एका मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला प्राप्तिकर नाही, मग दोन-चार एकराच्या शेतकऱ्याला मात्र पीक येवो न येवो शेतसारा का, असा त्यांचा रोख होता. १२ मार्चला ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर मांडले. आणि १९ व २० मार्चला ते महाडला होते, चवदार तळ्यावर.

या तारखा पुन्हा वाचा. २४ फेब्रुवारी, १२ मार्च, २० मार्च. एका महिन्याच्या आत एकच माणूस सभागृहात सरकारचा हिशेब तपासतो आणि तळ्यावर पाण्याला हात लावतो. आपण दरवर्षी २० मार्चला महाडला जातो, क्रांतिस्तंभाला वंदन करतो. २४ फेब्रुवारी मात्र आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? बाबासाहेबांना सरकारने नेमले होते. त्यांना मिंधे होऊन गप्प बसता आले असते. ते गप्प बसले नाहीत.

पुढे १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. सत्ता काँग्रेसची. तरीही १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते सरकारी विधेयक नव्हते. एका विरोधी सदस्याने मांडलेले ते अशासकीय विधेयक होते. कुलाबा आणि रत्नागिरीच्या कुळांच्या मानगुटीवर बसलेली खोती कायद्याने जावी ही त्याची मागणी. त्याच काळात याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप चालू होता, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, १९३३ पासून. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले आणि मुख्य मंत्री बाळासाहेब खेर यांना भेटले. त्या मोर्चात महार होते, कुणबी होते, आगरी होते. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती संपवणारा कायदा १९४९ साली झाला. कोणी म्हणेल, मग विधेयक मांडून काय मिळाले? मिळाले ते हे की खोतीचा विषय सरकारी दप्तरातून पुन्हा कोणाला पुसता आला नाही.

इंग्लंडमध्येही असेच घडते. सरकारी पक्षाचा मंत्री नसलेल्या साध्या सदस्याने मांडलेल्या विधेयकावरून तिथे फाशीची शिक्षा गेली. सिडनी सिल्व्हरमन नावाच्या खासदाराने अनेक वर्षे हा विषय लावून धरला आणि १९६५ साली खुनाच्या गुन्ह्यासाठीची फाशी बंद करणारा कायदा झाला. आपल्या संसदेत अशासकीय विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याला १९७० नंतर एकही उदाहरण नाही. हत्यार घटनेने दिले आहे, नियमावलीत आहे, पण ते गंजत पडले आहे.

या पार्लमेंटचा थेट आपल्याशी संबंध आला तो अलीकडे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले आपले बांधव, मराठी बौद्ध, पंजाबचे रविदासी आणि वाल्मीकी, यांना तिथेही जात भेटली. कारखान्यात भेटली, लग्नात भेटली, वृद्धांची सेवा करणाऱ्या नोकरीत भेटली. त्यांनी आपापल्या खासदाराचे दार ठोठावले, लॉर्ड्सच्या सदस्यांना गाठले. २०१० च्या समता कायद्यात एक कलम आले की जातीवरून होणारा भेदभाव वंशभेदात समाविष्ट करण्याचा आदेश मंत्र्याला काढता येईल. ‘काढता येईल’, म्हणजे मंत्र्याच्या मर्जीवर. वकिलाला या शब्दातली मेख लगेच कळते. २०१३ साली लॉर्ड्सच्या सभागृहात ऑक्सफर्डचे माजी बिशप लॉर्ड हॅरिस यांनी दुरुस्ती मांडली. तिच्या बाजूने लढणाऱ्यांत लॉर्ड एव्हबरी होते, जे स्वतः बौद्ध होते. सरकारच्या विरोधात ही दुरुस्ती मंजूर झाली. कॉमन्सने ती फेटाळली. लॉर्ड्सने पुन्हा आग्रह धरला. अखेर सरकार नमले आणि एप्रिल २०१३ मध्ये ‘काढता येईल’च्या जागी ‘काढलाच पाहिजे’ असा शब्द कायद्यात आला.

पण पुढे काय झाले? आदेश निघाला नाही. तिथल्या सवर्ण संघटनांनी जोरदार विरोध केला. २०१७ साली सरकारने जनतेची मते मागवली आणि २०१८ साली जाहीर केले की कायद्यात जात घालण्याची गरज नाही, न्यायालयाचे निकाल पुरेसे आहेत. बिहारमधून नेलेल्या एका आदिवासी घरकामगार बाईच्या खटल्यात २०१४ साली तिथल्या अपील न्यायाधिकरणाने म्हटले होते की जातीचा काही भाग वंशाच्या व्याख्येत बसू शकतो. त्या निकालाकडे सरकारने बोट दाखवले. म्हणजे लंडनच्या सभागृहात जिंकलेला शब्दही बाहेरचा रेटा कमी पडला की कागदावर राहतो. १९२३ चा बोले ठराव आणि २०१३ चे हे कलम यांच्यात ९० वर्षांचे आणि सात समुद्रांचे अंतर आहे, पण दोघांचे दुखणे एकच. ठरावामागे महाड उभे राहिले, म्हणून तो जिवंत झाला. या कलमामागचे महाड अजून व्हायचे आहे.

आता आपल्या दाराशी या. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकर समाजाची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. तेव्हा मुंबईत विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन चालू होते. दुसऱ्या दिवशी सभागृहात निवेदन झाले आणि त्यात सांगण्यात आले की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

हे वाक्य मला झोपू देत नाही. यादी होती, पण त्यात नाव नव्हते. दोनच वर्षांपूर्वी, जुलै २०२१ मध्ये, याच जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली होती. त्यानंतर प्रत्येक अधिवेशनात एक साधा तारांकित प्रश्न विचारता येतो: रायगड जिल्ह्यातल्या दरडप्रवण वाड्यांची यादी काय, ती कोणी आणि कधी केली, डोंगराच्या पोटातल्या किती आदिवासी वाड्यांची पाहणी झाली आणि किती राहिल्या? या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. कोणाचा विरोध असण्याचेही कारण नाही. मंत्र्याला उत्तर द्यायचे म्हणजे सचिवाला विचारावे लागते, सचिवाला जिल्हाधिकाऱ्याला, जिल्हाधिकाऱ्याला तहसीलदाराला आणि तहसीलदाराला तलाठ्याला. एका प्रश्नाने मंत्रालयापासून वाडीपर्यंतची सगळी साखळी हलते. कोणीतरी डोंगर चढून वर जातो आणि कागदावर नाव लिहितो. प्रश्न विचारून काय होते, याचे माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

केवळ आमदारांकडे बोट दाखवून मी सुटू शकत नाही. २०२१ नंतर ती यादी मागायला मी तरी कुठे गेलो होतो? वकिलीची सनद माझ्याकडे आहे, माहितीचा अधिकार माझ्याकडे आहे. कर्जतच्या कोर्टातून इर्शाळगड काही परदेशात नाही. आपण सगळेच दुसऱ्या दिवशी मदतीचे टेम्पो घेऊन गेलो. आदल्या दिवशी लागणारा कागद कोणाच्याच हातात नव्हता.

सभागृहाने डोळे मिटले की माणूस न्यायालयात जातो. आपल्याच कर्जत तालुक्यातल्या माथेरानला माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा स्वातंत्र्यानंतर ७५ वर्षांहून अधिक काळ चालली. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही अमानुष प्रथा सहा महिन्यांत बंद करा आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा, असा आदेश दिला. निकालाचा आनंद झाला. पण मी वकील असूनही सांगतो, हे काम न्यायालयापर्यंत जायला नको होते. न्यायालय हा शेवटचा दरवाजा. ज्याच्याकडे वकील आणि वेळ आहे त्यालाच तो उघडतो. सभागृहाचा दरवाजा मात्र प्रत्येक मतदाराच्या मताने आधीच उघडलेला असतो.

काही कार्यकर्ते म्हणतात, "आमचा माणूस राखीव जागेवरून गेला तरी काय करणार? पक्षाचा व्हिप आहे." राखीव जागांवर पक्षाच्या तिकिटावर गेलेले सदस्य पक्षाच्या परवानगीशिवाय प्रश्नही विचारू शकत नाहीत, ही तक्रार बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात केली होती. दुखणे जुने आहे. पण कायदा नीट वाचा. १९८५ साली घटनेला जोडलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार व्हिपविरुद्ध मतदान केले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, तर सदस्यत्व जाऊ शकते. प्रश्न विचारल्याबद्दल, लक्षवेधी सूचना दिल्याबद्दल, अर्ध्या तासाची चर्चा मागितल्याबद्दल व्हिपचा बडगा चालत नाही. इंग्लंडमध्ये तर व्हिप मोडला तरी खासदारकी जात नाही. तेव्हा व्हिपचे कारण पुढे करणाऱ्याला सांगा की साहेब, मत तुम्ही पक्षाला द्या, प्रश्न तरी आमचा विचारा.

पैशाचेही तसेच. इंग्लंडच्या पार्लमेंटची सारी ताकद एका गोष्टीतून आली: राजाला पैसा पाहिजे असेल तर त्याने सभागृहाला विचारले पाहिजे. आपल्याकडे मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारी बाजू अशी की हा पैसा त्याच समाजातल्या बहिणींसाठी आहे. आपल्या बहिणींना पैसे मिळू नयेत असे कोण म्हणेल? पण वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा पैसा कोणत्या हिशेबाने कुठे गेला, हे सांगायची जागा सभागृह आहे. मंत्र्याने पत्रकारांपुढे कुरकुर करायची आणि मंत्रिमंडळात बसून राहायचे, ही संसदीय रीत नव्हे. इंग्लंडमध्ये इराक युद्ध मान्य नव्हते म्हणून रॉबिन कुक या मंत्र्याने १७ मार्च २००३ रोजी राजीनामा दिला आणि सभागृहात उभे राहून कारणे सांगितली. त्याच्या अर्धशतक आधी, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, हिंदू कोड बिलाची वाताहत पाहून बाबासाहेबांनी कायदेमंत्रीपदाचा राजीनामा दिला होता. १० ऑक्टोबरला ते निवेदन करायला उभे राहिले तेव्हा उपाध्यक्षांनी आधी प्रत मागितली. बाबासाहेबांनी ती अट नाकारली आणि सभागृह सोडले. खुर्चीपेक्षा सभागृहाला उत्तर देण्याचा हक्क मोठा, हा धडा त्यांनी घालून दिला.

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीत वकिलांपुढे बोलताना बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी सांगितल्या. त्यात विरोधी पक्षाची अट होती. इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी पगार मिळतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. सरकारला चुका दाखवणाऱ्या माणसाला सरकारच पगार देते, कारण तो देशाचे काम करतो. महाराष्ट्रात २०२४ च्या निवडणुकीनंतर २८८ जणांच्या विधानसभेत कोणत्याही विरोधी पक्षाला एकदशांश जागा मिळाल्या नाहीत आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. अशा वेळी एकेकट्या सदस्याच्या प्रश्नाची किंमत आणखी वाढते.

मग आपण काय करायचे? मोर्चा, सत्याग्रह आपल्याला शिकवावा लागत नाही. शिकायचे आहे ते दुसरे काम. प्रत्येक अधिवेशनाच्या दोन महिने आधी गावच्या विहारात, बौद्धजन पंचायतीच्या शाखेत एक बैठक घ्या. आदिवासी वाड्यांवरच्या बांधवांनाही बोलवा. खोतीच्या मोर्चात सगळे एकत्र होते हे विसरू नका. दोन प्रश्न ठरवा, दोनच. ते साध्या मराठीत कागदावर लिहा, आमदाराला द्या, पोच घ्या. अधिवेशन संपले की जाऊन विचारा: प्रश्न दिला का, उत्तर काय आले? उत्तर विहाराच्या फळ्यावर लावा. दिला नसेल तर तेही लावा. अंदाजपत्रक आले की सामाजिक न्याय आणि आदिवासी विकासाचे आकडे गावात एखादी शिकलेली मुलगी सर्वांना वाचून दाखवील. पुढच्या निवडणुकीत जो कोणी कार्यअहवाल घेऊन येईल, त्याला आधी विचारा, सभागृहाचे पान कुठे आहे?

विहारातल्या त्या तरुणाला मी हेच सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वकीलसाहेब, पहिला प्रश्न आपण कोणता द्यायचा?" मी म्हटले, "आपल्या तालुक्यातल्या डोंगराखालच्या सगळ्या वाड्यांची नावे यादीत आहेत का, हा." त्याने कार्यअहवालाच्या मागच्या कोऱ्या पानावर ते लिहून घेतले. त्या पुस्तिकेत लिहायला एवढी एकच जागा शिल्लक होती.

जयभीम!